थोरल्यांचा हात

कपडे दुरुस्तीच्या त्या दुकानात तिला सगळे बरंताई म्हणत. कुणी काहीही सांगितलं की ही बाई मान खाली घालून म्हणायची, "बरं." कोटाचं अस्तर बदल. बरं. आज माझ्या वाटणीची तुरपाईही तूच कर. बरं. एकदा कापड बेतणाऱ्या मास्तरांनी गंमत म्हणून सांगितलं, "बरंताई, आज खुर्चीवर बसू नका, खुर्ची रुसलीय." ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभ्यानं काजं करत राहिली. मास्तरांना मग इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्यांनी स्वतःचं स्टूल आणून तिच्यापुढे ठेवलं, हात जोडले आणि म्हणाले, "बसा बाई, माझी चूक झाली." त्यावरही ती म्हणाली, "बरं."

हसण्यासारखं होतं खरं. पण ती जिथून आली होती तिथं हसायला बंदी होती, आणि त्याच बंदीपायी ती तिथून निघाली होती.

ती सभेत जन्मली. सभेची माणसं शहराच्या टोकाला एका उंच भिंतीच्या आत राहत, बाहेर कामाला जात आणि दिवेलागणीच्या आत परत येत. वर्तमानपत्र नाही, बाहेरच्यांशी कामापुरतं बोलणं, आणि स्वतःचं मत म्हणून काही नाही. मत असायचं ते थोरल्यांना. थोरले म्हणजे सभेचे प्रमुख. प्रार्थनेच्या दालनात, समोरच्या चौथऱ्यावर बसत. कुणी काही विचारलं तर ते तोंडानं उत्तर देत नसत. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर पालथा असे. पंजा उचलला तर होय, तसाच राहिला तर नाही. मुलगी कुठं द्यायची, आजाऱ्याला औषध द्यायचं की नुसती प्रार्थना करायची, सगळं त्या हातावर. सभेतली मुलं अक्षरं ओळखायच्या आधी तो हात ओळखायला शिकत. पंजा उचलायच्या आधी बोटांत जी बारीकशी हालचाल होई, ती जिला पकडता येई ती गुणी मुलगी. ही फार गुणी होती. आई कौतुकानं सांगायची, "माझ्या थोरलीला विचारावं लागत नाही, नुसतं बघितलं की कळतं."

मग एके दिवशी शेजारची बाई प्रार्थनेत हसली. कशाला हसली देव जाणे, बाकावर कुणीतरी घोरत होतं म्हणे. थोरल्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. सभेचा नियम असा, की कुणाला वाळीत टाकायचं तर सगळ्यांनी हात वर करायचे. ती शेजारीण समोर उभी होती, पदराच्या टोकाला पीळ देत, आणि दालनभर हात वर गेले. बरंताईनं सहज वर पाहिलं तर तिचाही हात हवेत होता. तिनं उचलला नव्हता. तो आपोआप गेला होता. स्वतःच्याच हाताची तिला इतकी भीती वाटली, की त्या दिवसापासून तिला नीट झोप लागेना. शेवटी एका सकाळी ती कामाला म्हणून भिंतीबाहेर पडली ती परतली नाही.

बाहेर पडणाऱ्यासाठी सभेत एक वाक्य होतं. लहान मुलांनाही ते पाठ असे: जो बाहेर जाईल, त्याच्या पायाखालची जमीन उतरेल आणि डोळ्यांतला उजेड जाईल.

दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांनी हिला काम दिलं, माळ्यावरची खोली दिली आणि फार चौकशा केल्या नाहीत. दुकान वरच्या मजल्यावर, त्यामुळं दिवसातून कितीदा तरी जिना चढायचा-उतरायचा. मास्तर मात्र चौकशा करणाऱ्यांतले. कात्री चालवता चालवता ते देव नाही, शाप नाही, मेल्यावर काही नाही, असं सगळं समजावून सांगत. चांगला माणूस. पण बोलताना त्यांच्या हातातला खडू वर जायचा, आणि बरंताईची मान आपोआप हलायची. महिनाभरात ती गिऱ्हाइकांनाही सांगू लागली, "देव वगैरे माणसाच्या भीतीतून निघालंय."

मावशींनी एकदा ते ऐकलं आणि शिलाईचं यंत्र थांबवलं.

"कोण म्हणतं असं?"

"मास्तर."

"ते मला ठाऊक आहे. तू काय म्हणतेस?"

बरंताई मास्तरांकडे बघायला लागली.

"त्यांच्याकडे काय बघतेस? त्यांच्या कपाळावर लिहिलंय का?" मावशी म्हणाल्या. "मास्तर, तुम्हाला आयती भक्तीण मिळाली हो. आता एक चौथरा तेवढा बांधून घ्या."

मास्तर हसले. तिला मात्र हसू आलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर जुन्या सवयीनं हात जोडले जायचे आणि मग ती ते घाईघाईनं सोडवायची. सभेतली प्रार्थना म्हणावी तर सभा सोडलेली, आणि न म्हणावी तर अंधार अंगावर यायचा.

अशात तिला सुईत दोरा ओवता येईनासा झाला. लांबचं पाहिलं तरी पुसट दिसायचं. मावशी म्हणाल्या, "चाळिशी लागली बाई, चष्मा कर." खालच्या गल्लीत एक चष्मेवाले होते, बुटके, बोलघेवडे. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, नाकावर लोखंडी चौकट ठेवली, खोलीत अंधार केला आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावर दिवा लावला.

"आता मी काचा बदलत जाईन. तुम्ही फक्त सांगायचं, हे बरं की हे बरं."

तिला घाम फुटला. आयुष्यात कुणी तिला असं विचारलंच नव्हतं. तिनं अक्षरांकडे पाहिलं नाही. दिव्याच्या तिरप्या उजेडात चष्मेवाल्यांचा हात दिसत होता, तिनं त्या हाताकडे पाहिलं. काच घालताना हात जिथं क्षणभर रेंगाळला तिथं ती म्हणाली, "हे." जिथं पटकन उचलला गेला तिथं म्हणाली, "ते नको." एकदाही अडखळली नाही.

"वा! इतकी झटपट उत्तरं देणारी बाई मी पाहिली नाही," चष्मेवाले खूश होऊन म्हणाले.

तीही खूश झाली. परीक्षेत पहिली आल्यासारखी जिना चढली. आणि चार दिवसांनी चष्मा आला.

चष्मेवाले म्हणाले होते, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घालायचा, म्हणजे सवय होईल." ते तिनं तंतोतंत पाळलं. तोंड धुवायलासुद्धा ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि डोळे मिटून धुवायची. पहिल्याच सकाळी दुकानाचा जिना उतरायला पाय टाकला तर पायरी उजवीकडे कललेली. तिनं कठडा धरला. दुसरी पायरीही कललेली. खालच्या गल्लीत फरशी समोर घसरत चालल्यासारखी, भिंती आत झुकलेल्या. डोक्यात ठणका. जमीन उतरत होती.

चष्म्याची शंका तिला आली नाही, असं वाचणाऱ्याला वेडेपणाचं वाटेल. पण ज्या वाक्याची भीती आईच्या दुधाबरोबर पोटात गेली, ते वाक्य पायाखाली खरं होताना दिसलं तर माणूस नाकावरच्या काचेकडे बघत नाही. ती कुणाला बोललीही नाही. भिंतीला धरून चालायची, जिना बसून उतरायची, कुणी आलं की पायाला मुंग्या आल्या म्हणायची. डोळ्यांत संध्याकाळपर्यंत पाणी साठायचं. आता उजेड कधी जातोय एवढंच बघायचं राहिलं होतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात तिची धाकटी बहीण आली.

धाकटी अजून सभेतच होती, एका कापडगिरणीत कामाला. दुपारच्या सुट्टीत चोरून आली होती. गल्लीच्या कोपऱ्यावर डोक्यावरून शाल ओढून उभी होती. बरंताई भिंत चाचपडत तिच्यापर्यंत पोचली.

"ताई," धाकटी घाबरून म्हणाली, "तुला दिसत नाही का गं?"

"दिसतं. थोडं हलतं सगळं."

धाकटीचा हात तिच्या तोंडावर गेला. दोघींनाही ते वाक्य पाठ होतं. कुणी ते म्हणालं नाही.

"आई कशी आहे?"

"आहे. तुझ्या नावानं रडत नाही. रडायला थोरल्यांचा हात वर गेला नाही ना." धाकटीनं इकडेतिकडे पाहिलं. "ऐक. थोरल्यांनी दार उघडं ठेवलंय. या रविवारी. सगळ्यांसमोर उभं राहून एवढंच म्हणायचं, की माझा विचार हा माझा आजार होता. मग सगळे हात वर करतील आणि तू आत."

"आणि पुढं?"

"पुढं तू बाहेर कामाला नाही जायचं. कुठंच नाही. पण आईजवळ राहशील. ताई, रविवार गेला की दार कायमचं बंद. मग आई मेली तरी आम्हाला तुला कळवता येणार नाही." ती रडायला लागली. "अशी आंधळी होऊन रस्त्यात पडशील गं. ये ना."

"बरं," बरंताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या हातात एक कोट आला. गिऱ्हाइकानं परत आणला होता. त्याचा खालचा घेर बरंताईनं दुमडून शिवला होता, तो एका बाजूला अर्धी वीत वर चढला होता. जिचे टाके शोधूनही सापडत नसत, तिचा हा घेर.

"हे काय गं? नाव चालली होती का नदीत?"

"मी सरळच शिवलं होतं," बरंताई म्हणाली आणि तिथंच मटकन खाली बसली. मग सगळं बाहेर आलं. जिना, फरशी, ते वाक्य, रविवार. मावशी ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता त्यांनी तिच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांना लावला, दोन पावलं टाकली आणि मास्तरांच्या टेबलावर आदळल्या.

"अगं बया! हा चष्मा आहे की झोपाळा? मास्तर, घालून बघा. तू चष्मेवाल्याला सांगितलंस तरी काय?"

तिनं खरं ते सांगितलं. ती त्यांच्या हाताकडे बघत होती. जिथं हात थांबला तिथं हो म्हटलं.

मास्तर मोठ्यांदा हसले. मावशीही हसल्या. मग दोघंही एकदमच गप्प झाले, कारण ती हसत नव्हती. चष्मा नसलेल्या डोळ्यांनी ती फरशीकडे बघत होती. फरशी पुसट होती, पण सपाट होती.

मास्तरांनी तिला पाणी दिलं. "बघा ताई. शाप-बिप काही नसतं. देवही नसतो. आता तरी पटलं?"

तिची मान हलायला लागली. अर्ध्यावर थांबली.

"चष्मा चुकला एवढं पटलं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मास्तरांना कान पुढं करावा लागला. "देवाचं... ते अजून मला माहीत नाही."

"अहो पण..."

"मास्तर," मावशी म्हणाल्या, "कात्री चालवा."

कुणाला वाटेल, एवढ्यानं तिची भीती गेली असेल. उलट झालं. शाप होता तोवर निदान कुणीतरी रागावलेलं होतं, कुणीतरी बघत होतं. आता तिच्या ध्यानात आलं, की पुन्हा त्या खुर्चीत बसायचं आहे आणि या खेपेला कुणाच्याही हाताकडे न बघता बोलायचं आहे. जीव मुठीत धरून ती शनिवारी चष्मेवाल्यांकडे गेली.

"तुमचा हात मला दिसणार नाही असं करता येईल का?"

"माझा हात?" चष्मेवाल्यांनी स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला. "काय वाईट आहे त्याला?"

"वाईट नाही. मला तो वाचता येतो."

त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी दिवा फिरवला आणि तिच्या पाठीमागं उभं राहून काचा बदलायला लागले. अंधारात समोर नुसती अक्षरं.

"हे बरं की हे?"

कानशिलं तापली. मागून श्वासाचा आवाज येत होता, त्यावरून काही कळतंय का, हे तिचे कान शोधायला लागले. तिनं तेही थांबवलं. अक्षराकडे पाहिलं. एक उभी रेघ होती, तिच्या कडेला धूर असल्यासारखं.

"बाई? झोपलात का?"

"दोन्ही सारखंच," ती म्हणाली आणि ओरडा पडेल म्हणून खांदे आक्रसून बसली.

"बरं, मग आता हे बघा," चष्मेवाले म्हणाले. एवढंच. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मागच्या खेपेहून कितीतरी जास्त वेळ लागला. ती चुकत होती, मागं घेत होती, "नाही नाही, पहिलंच बरं होतं" म्हणत होती. उठली तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता.

नव्या काचा मंगळवारी मिळणार होत्या. म्हणजे रविवारी तिच्याजवळ चष्मा नव्हता.

न जाण्याची मुभा तिला होती. मावशींनी स्पष्ट सांगितलं, "तू बरं म्हणालीस म्हणून जायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?" पण आई आत होती. आणि खरं सांगायचं तर भीतीही तशीच होती. डोक्याला कळलं तरी पोटाला कळायला वेळ लागतो. ती गेली. मावशी भिंतीबाहेर झाडाखाली उभ्या राहिल्या. "आत नाही येत मी. पण इथंच आहे. कितीही वेळ लागू दे."

दालनाचं दार उघडं होतं. बाकं भरलेली, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि आवाज नाही. ती उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली. दूर चौथऱ्यावर थोरले बसले होते. एक पांढरा ठिपका. त्यांच्या शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, "बोल."

सवयीनं तिची नजर त्या गुडघ्याकडे गेली. तिनं डोळे बारीक केले, ताणले. पांढऱ्यात पांढरं मिसळलेलं होतं. पंजा उचललाय की पालथा आहे, काहीच दिसेना. जन्मात पहिल्यांदा त्या दालनात तिला काय बोलायचं ते समजत नव्हतं.

"बोल," तो माणूस पुन्हा म्हणाला.

"मला इथून हात दिसत नाही," ती म्हणाली.

बाकांवर सळसळ झाली. कुणीतरी म्हणालं, "उजेड गेला तिचा." ते अख्ख्या दालनात पसरत गेलं.

"उजेड नाही गेला," ती म्हणाली. "चष्मा चुकला होता." हे इतकं साधं वाक्य त्या जागी इतकं वेडगळ वाटलं, की तिला पळून जावंसं वाटलं. पण आता तोंड उघडलं होतं. "माझी शेजारीण हसली होती. त्यात पाप नव्हतं. मला तेव्हाही तसंच वाटलं होतं, पण माझा हात वर गेला. तो मी खाली घेते. देव आहे की नाही हे मला शिकवता येणार नाही. मला वाटतं, आहे. पण हसण्यावर रागावणारा तो नसेल. हा आजार असला तर असू दे." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "आई, मी बरी आहे."

थोरल्यांकडे काहीतरी हललं असावं, कारण सगळे एकदम हलले. तिला वाळीत टाकायला पांढरे, काळे, पुसट हात वर गेले. बायकांच्या बाजूला डावीकडे, खिडकीखाली तिची आई बसायची. तिनं तिकडं पाहिलं. तिथं शाली होत्या, डोकी होती, हात होते. एका ठिकाणी हातांच्या मध्ये मोकळी जागा असल्यासारखी वाटली. तो आईचा न उचललेला हात होता, की धाकटीचा, की नुसतीच खिडकी, हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढं कळायची सोयही राहिली नाही. ती मागं वळली. पाठीमागं दाराची कडी लागली.

बाहेर मावशी झाडाखाली बसकण मारून बसल्या होत्या. त्यांनी उठून तिचा हात धरला, तो बर्फासारखा गार होता.

मंगळवारी नवा चष्मा आला. तिनं घातला आणि माळ्यावरच्या खोलीच्या खिडकीशी उभी राहिली. समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्याची बटणं दिसत होती. सगळं इतकं स्पष्ट होतं, की तिला त्याचीच भीती वाटली. आता काही चुकीचं दिसलं तर काचेवर ढकलता येणार नव्हतं. खालून मास्तरांचा आवाज येत होता, कुणाला तरी काहीतरी पटवून देत होते.

तिनं हात जोडले. या खेपेला सोडवले नाहीत. सभेची प्रार्थना ओठांवर आली, ती तिनं येऊ दिली नाही.

"देवा," ती शेवटी म्हणाली, "मला फार भीती वाटते."

पुढं काही आलं नाही. तिनं वाट पाहिली. मग खालून मावशींनी कोटासाठी हाक मारली, तशी तिनं चष्मा नाकावर नीट बसवला, जिन्याचा कठडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय टेकवून बघितला.